वैशाखातला बर्फ, मेलेला सांता

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं आणि "बर्फ पुरवतो" असं मी सांगितलं, की समोरच्याला वाटतं माझा लादीच्या बर्फाचा कारखाना असणार. मग मी सांगतो, लादीचा नव्हे, आभाळातून पडतो तो. त्यावर तो माणूस एकदा माझ्याकडे बघतो, एकदा आभाळाकडे बघतो आणि हळूच विषय बदलतो. पेणच्या आभाळातून आजवर बर्फ पडलेला नाही. तो पडला आहे असं दाखवणं हा माझा धंदा, आणि त्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली.

या अंकाच्या संपादकांनी मला बजावलं आहे, की गमती लिहा, उपदेश नको. उपदेश करावा एवढं माझं वागणं चांगलं नाही, ते पुढे कळेलच. मी रोह्याच्या कंपनीतल्या शिफ्ट सोडून यात कसा घुसलो तेही सांगत बसत नाही. कारण ते ऐकताना माझी बायकोसुद्धा झोपते.

सिनेमातला बर्फ म्हणजे मीठ. कॅमेऱ्याच्या नाकासमोर बारीक दळलेलं, त्याच्या मागे खडे मीठ, त्याहून मागे पांढऱ्या चादरी, आणि हवेतून भुरभुरतो तो साबणाचा फेस. एवढंच गुपित. आमचं घर धरमतरच्या खाडीकडचं, वडिलांचा जन्म मिठागरात गेला. त्यामुळे इतरांना जे पोत्यात दिसतं ते मला डोंगराएवढ्या राशीत दिसत होतं. नाताळचा सिनेमा नाताळात लावायचा तर चित्रीकरण उन्हाळ्यात उरकावं लागतं, आणि मिठाच्या राशीही वैशाखातच उभ्या असतात. देवानेच जमवून आणलेली सोयरीक म्हणायची. शूटिंग संपलं की ते मीठ कुणाच्या जेवणात जात नाही, बर्फाच्या कारखान्यात लाद्या गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्यासाठी जातं. म्हणजे माझ्या खोट्या बर्फाच्या जोरावर शेवटी खरा बर्फ बनतो. हा हिशेब मी लोकांना फार अभिमानाने सांगतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका दिग्दर्शकाला "उदास बर्फ" हवा होता. मी दोन दिवस विचार केला आणि गेल्या वर्षीचं मळकं मीठ ओतलं. तो म्हणाला, "अगदी हाच!" एका नटीला नवे बूट चावले होते आणि तिला त्याच पायांनी बर्फातून अनवाणी पळायचं होतं. जखमेवर मीठ चोळणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तिने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहू शकत नाही, पण त्या अस्सल मराठी होत्या याचा मला आनंद झाला.

गोडगोड नाताळचे सिनेमे माझ्याकडे येत नाहीत. त्यांच्याकडे पैसा असतो, ते खऱ्या बर्फात जातात. माझ्या वाट्याला येतात ते वाह्यात. त्यातला सांता दारू पितो, भेटवस्तू चोरतो, नाहीतर पहिल्याच दृश्यात मरतो. जेवणाच्या टेबलावर घरातली माणसं एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी केकवर कोणीतरी पडतं. सुरुवातीला मला हे जरा अंगावर आलं होतं. दुसऱ्याचा सण, आपण त्याला कशाला हसायचं? पण आमच्या युनिटला जेवण पुरवणारा फर्नांडिस कोर्लईचा. तो म्हणाला, "भाऊ, आमच्या घरी नाताळात भांडण झालं नाय तर नाताळ झाला असं वाटतच नाय." मग मला कळलं, की हा नाताळातला शिमगा आहे. आपण नाही का वर्षभर ज्यांना नमस्कार करतो त्यांच्या नावाने एक दिवस बोंब मारत? मन मोकळं होतं, आणि दुसऱ्या दिवशी नमस्कार पुन्हा सुरू.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी शलाका नावाच्या तिशीतल्या दिग्दर्शिकेने असाच सिनेमा काढला आणि बर्फ, जागा, सामान सगळं माझ्या गळ्यात घातलं. कथा अशी, की एका श्रीमंत घराच्या छपरावरून सांता घसरून पडतो आणि मरतो. पोलीस नकोत म्हणून ते घर पूर्ण सिनेमाभर त्याचं प्रेत लपवत फिरतं. कधी सोफ्यावर बसवतं, कधी पाहुण्यांशी ओळख करून देतं. वाचताना मी इतका हसलो, की बायकोने पाणी आणून दिलं.

जागा ठरली पांडूदादाच्या मिठागराची. पांडूदादा म्हणजे माझ्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला मुकादम, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर मला रागावण्याचं काम त्यानेच अंगावर घेतलं होतं. मी पन्नाशी ओलांडली तरी त्याच्या तोंडी मी "बाल्या"च. ते मिठागर त्याने खंडाने घेतलं होतं. त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं आणि व्यापारी रास उचलायला तयार होता. केवळ माझ्या शब्दावर पांडूदादाने ती थांबवून ठेवली. वर्षाची सगळी मेहनत त्या एका पांढऱ्या ढिगात, आणि तो ढीग माझ्या भरवशावर.

अडचण एकच होती. जनरेटरची गाडी आत न्यायला वाट नव्हती. खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध एका जागी दहा-बारा फूट रुंदीत खाली उतरवावा लागणार होता. पांडूदादा बांधावरून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "उतरव. पन अमावास्येच्या आदल्या दिशी भरलेला पायजे. वैशाखाचा उधान हाय, दिवसाचं पानी मोठं असतं. आत आलं तर रास इरघळंल आन मी पन."

खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अमावास्या-पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती येते आणि ती नेहमीची नसते. मी म्हणालो, "दादा, मंगळवारी शूटिंग संपतंय. अमावास्या गुरुवारी. बुधवारी बांध जागेवर." आणि हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो.

सांताचे कपडे रोह्याच्या शिंप्याकडून शिवून घेतले होते. तो बँडवाल्यांचे कोट शिवणारा. त्याने सवयीने सांताच्या खांद्यांवर सोनेरी झालरी लावल्या आणि पुढे पितळी बटणांच्या दोन रांगा. मी कपाळावर हात मारला, पण शलाका खूश. म्हणाली, "राहू दे, हा सांता वरातीतून आल्यासारखा दिसतो." तो कोट घालून मुंबईहून आलेला नट वैशाखाच्या उन्हात पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडला. सलाईन लावून बरा झाला, मुंबईला गेला आणि त्याने फोन बंद केला.

पोट मोठं, दाढी पांढरी आणि उन्हाची सवय असलेला माणूस तिथे एकच होता.

"बाल्या, ह्यो डगला घालून मी काय करायचं?" पांडूदादाने विचारलं.

"काही नाही. मरायचं."

"बोलायचं काय नाय?"

"मेलेला माणूस काय बोलणार, दादा?"

"मग बरा हाय. घरी पन मना कोन बोलू देतंय?"

आणि काय मेला तो! माणसं मरायचा अभिनय करतात तेव्हा पापण्या थरथरतात. पांडूदादा उभा जन्म उन्हात काढलेला. त्याने डोळे मिटले की त्याच्या नाकावर माशी बसली तरी तो हलायचा नाही. आमच्या लाईनीत एक रीत आहे. जिवंत माणसाने प्रेताचा शॉट दिला, की त्याने तिथल्या तिथे उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, नाहीतर अपशकुन. पांडूदादा असा गडगडून हसायचा की युनिट पुन्हा शॉट घ्यायला तयार असायचं. सुमनवहिनीला, म्हणजे आपल्या बायकोला, त्याने फक्त "मेन रोल हाय" एवढंच सांगितलं होतं. ते तिने गावभर आणि वरसे गावी लेकीच्या घरीही पोचवलं होतं.

मंगळवारी शूटिंग काही संपलं नाही, आणि त्याला कारण बैल. सांताची गाडी ओढायला रेनडिअर कुठून आणणार? मी रोह्याकडून चार बैल आणले आणि त्यांच्या शिंगांवर पुठ्ठ्याची फांद्यांसारखी शिंगं बसवली. लांबून छान दिसत होते. शलाकाने "ॲक्शन" म्हटलं आणि चौघांनी एकदम मान खाली घालून बर्फ चाटायला सुरुवात केली. गुरांना मिठाची केवढी ओढ असते ते मिठागरवाल्याच्या मुलाने विसरावं याला काय म्हणायचं? दोन दिवस गेले. शेवटी बैल थकले नाहीत, आम्ही थकलो. ते चाटतानाचंच दृश्य सिनेमात ठेवलं.

दोन दिवस पुढे सरकले म्हणजे जनरेटरची गाडी अजून आत, आणि उतरवलेला बांध तसाच. माझ्या हातात रोज शूटिंगचं वेळापत्रक असायचं. त्यात नटांच्या वेळा होत्या, जेवण होतं, सूर्योदयसुद्धा होता. तिथी नव्हती. उरलेलं दृश्य भर उन्हातलं, म्हणून बुधवारी संध्याकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा मला आठवलं. मी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, लगेच करतो." मी निर्धास्त होऊन रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या माझ्या घरी गेलो.

गुरुवारी सकाळी पांडूदादाला मेकअप चालू होता. डोळे मिटलेलेच होते, तसाच म्हणाला, "बाल्या, बांध भरला?"

"भरला," मी म्हणालो.

खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलंही नाही. मी काम सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं हुकूम सोडून सोडून सांगितलं म्हणजे झालं अशी माझी समजूत होऊन बसली होती. चार पावलं चालून बघून यायला मला काय धाड भरली होती? हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो. रोज सकाळी मिठागराला एक फेरी मारणारा माणूस एकच होता, आणि त्याला मी लाल कोट घालून खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

दुपारी बाराचं दृश्य होतं सांताच्या दफनाचं. घराच्या मागच्या अंगणात, बर्फात. मोठी सून खोटं रडते, धाकटा मुलगा वाकून नमस्कार करता करता सांताच्या खिशात हात घालतो. पांडूदादाला आम्ही दाढीपर्यंत मिठात पुरला होता. एक कान जमिनीला टेकलेला. कॅमेरा चालू. सून रडतेय, मुलगा वाकलाय, मी बाजूला उभा राहून हसू दाबतोय.

आणि मेलेल्या सांताने डोळे उघडले.

"खांड!" तो ओरडला. "बांधाला खांड गेली!"

मिठाचा ढीग फोडून तो उभा राहिला. सुनेचं काम करणाऱ्या नटीने फोडलेली किंकाळी सिनेमात आहे ती खरी आहे, तिने त्यासाठी वेगळा अभिनय केलेला नाही. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. जमिनीतून पाण्याची खळखळ त्याच्या कानाला लागली होती. लाल कोट, सोनेरी झालरी, पांढरी दाढी आणि अनवाणी पाय, असा पांडूदादा बांधाकडे धावत सुटला. त्याच्या मागे मी धावलो, आणि धावता धावताच मला कळलं की ट्रॅक्टरवाला आलाच नव्हता.

उतरवलेल्या जागेला भगदाड पडून खाडी आत ओतत होती. पाण्याने काठ कापायला सुरुवात केली होती. रास तिथून पन्नास पावलांवर.

"पिशव्या आना! त्या लायटीच्या!" पांडूदादा गरजला.

लाईटचे स्टँड वाऱ्याने पडू नयेत म्हणून त्यांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवतात. अकरा दिवस मेल्यासारखं पडून त्याने त्या नेमक्या हेरून ठेवल्या होत्या. मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. लाईटवाले, मेकअपवाले, हिरव्या टोप्या घातलेली सांताची बुटकी माणसं, मघाशी किंचाळलेली सून, फर्नांडिस आणि त्याचा आचारी, सगळ्यांची एक रांग लागली आणि पिशव्या हातोहात येऊ लागल्या. नुसत्या पिशव्या धार धरेनात. तेव्हा पांडूदादाने सांताची गाडी मागवली. प्लायवूडची ती लाल घसरगाडी आठ जणांनी ओढत आणली, आडवी करून खांडीत रेटली, आणि तिच्या पाठीशी पिशव्या रचल्या. पाणी थबकलं. राशीची खालची कड तेवढी विरघळून गेली. बाकीचा ढीग शाबूत राहिला.

कॅमेरामनने हे सगळं टिपलं होतं. शलाका कमरेइतक्या चिखलात उभी राहून आनंदाने रडत होती. तेवढ्यात सुमनवहिनी नवऱ्यासाठी डबा घेऊन आली. चिखलाने माखलेला बँडवाला सांता बघून आधी तिने डबा खाली ठेवला. मग फर्नांडिसने सगळा प्रकार सांगितला, अगदी पुरण्यापर्यंत.

"अकरा दिवस तुमी मेलेलं हाव," वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन मना सांगलाव नाय? मी गावभर हिरो म्हनून सांगत फिरतंय!"

"अगो, मेन रोलच हाय, समदे माझ्याच मागं..."

मेकअपवाला मधेच कुजबुजला, की आज प्रेताचा शॉट झाला आणि दादा हसायचे राहिले. अपशकुनाचं ऐकताच वहिनीचा चेहरा बदलला. "हसा आधी!" ती ओरडली. "दात दाखवा त्या मशीनला!" पांडूदादाने निमूटपणे दात दाखवले. युनिट पोट धरून हसलं.

मीही हसत त्याच्याजवळ गेलो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा. वाटेत उभं हाव."

बस, एवढंच. शिवी दिली असती तर मी सुखाने घरी गेलो असतो. लहानपणी त्याने मला कानफटात मारली आहे, त्याचंही कधी काही वाटलं नाही. "साहेब" मात्र आत कुठेतरी जाऊन लागलं.

सिनेमा नाताळात आला. वरसेला पांडूदादाच्या लेकीच्या घरी टीव्हीसमोर आम्ही सगळे दाटीवाटीने बसून बघितला. प्रेत उठून पळतं ते दृश्य शलाकाने जसंच्या तसं ठेवलं होतं आणि लोकांना तेच सगळ्यात आवडलं. वहिनीचं मत पडलं, "मेलेलं बरं दिसताव. पळताना नको." पण मला सांगायचं आहे ते त्याच्याही आधीचं, त्या गुरुवारच्या संध्याकाळचं आणि शुक्रवारचं.

अमावास्येच्या पाण्यापेक्षा पुढच्या दोन दिवसांचं पाणी मोठं असतं. वाळूच्या पिशव्या आणि एक लाकडी गाडी त्याच्यापुढे टिकली नसती. ओहोटी लागताच पांडूदादा आणि त्याचे पाच गडी बांध भरायला उतरले. मी बूट काढले.

"साहेब, तुमी बसा," तो म्हणाला. "पाय भरतील."

मी उतरलो. चिखलाचे गोळे कापायचे, हातोहात द्यायचे, मधे पेंढा घालायचा आणि पायाने तुडवायचं. हे मी पंधराव्या वर्षापर्यंत केलं होतं. पण अंगाने ते सगळं विसरून टाकलं होतं. मी रचलेला भाग त्याने नुसता पायाच्या अंगठ्याने ढकलला आणि तो घसरून खाली आला. "असा बसत नाय, साहेब." मी परत रचला. त्याने परत ढकलला. तिसऱ्या वेळी तो माझ्या शेजारी वाकला आणि गोळा कसा आपटून बसवायचा ते करून दाखवलं. अंधार पडायच्या आत बांध पहिल्या उंचीला आला. रात्रीचं पाणी लहान असतं, ते आलं आणि गेलं.

शुक्रवारी युनिट नव्हतं. मी साडेदहालाच बांधावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने पांडूदादा आला आणि मधे हातभर जागा सोडून बसला. रास आमच्या पाठीमागे होती. दोघांनीही तिच्याकडे वळून बघितलं नाही.

खाडी भरत आली. अकरा, साडेअकरा. कालच्या चिखलाची ओल अजून गेली नव्हती. पाणी हळूहळू त्या नव्या मातीला लागलं, चढलं, कालच्या खुणेच्या वर गेलं. एका जागी बारीक भेग पडली. मी दचकून उठणार तोच पांडूदादाने खाली वाकून त्यात अंगठ्याने चिखल भरला आणि तळवा तसाच दाबून धरला. मीही शेजारी माझा तळवा ठेवला. मातीच्या पलीकडून पाण्याचा जोर हाताला कळत होता. बांधाच्या माथ्याखाली चार बोटं उरली. मग तीन. मला देवाचं नाव आठवेना, वडिलांचं आठवलं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. पाण्यावर तरंगणारी एक काडी आमच्या समोर आली, जराशी थांबली, आणि उलट्या दिशेला निघाली.

पांडूदादाने हात काढला, लुंगीला पुसला आणि गुडघ्यावर जोर देऊन उभा राहिला.

"बाल्या, ऊठ," तो म्हणाला. "पानी फिरलं."

मला उठायला जरा वेळ लागला.